घडीचा चाकू मुठीला घासतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्या-फणसाचा मोसम संपत आला की हे प्रश्न यायला लागतात आणि पाऊस लागला की वाढतात. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कानस आधीच आलेली असते. ती तूर्त खाली ठेवा. पाते पुढे टोकाशी घासत असले तरी बिघाड साधारणपणे मागे, खिळ्यापाशी असतो. टोक कितीही घासले तरी तो जात नाही.

खाली ‘खिळा’ म्हटले आहे ते पाते ज्याच्याभोवती फिरते त्या सांध्याला, मग तो ठोकलेला रिव्हेट असो की स्क्रू. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना जे पातळ धातूचे पत्रे असतात त्यांना ‘पत्रे’च म्हटले आहे, दुकानदार त्यांना लायनर म्हणतात.

माझे पाते मिटल्यावर मधोमध दिसत नाही. दुरुस्त करायलाच हवे का?

नाही. चाकू मिटवा, ट्यूबलाइटसमोर धरा आणि खाचेतून आत बघा. पात्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ दिसते का? एक रेघ जाड आणि दुसरी बारीक असेल, तरी चालेल. खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी टोकाच्या दोन्ही अंगांनी सरकवून बघा. पट्टी अडकली नाही आणि पात्यावर ओरखडा नाही, तर चाकू तसाच राहू द्या. उघडून मधोमध आणायच्या नादात अनेकांनी चांगल्या चाकूचे आटे घालवले आहेत. पट्टी अडकत असेल किंवा मिटवताना खरखर हाताला लागत असेल, तर पुढे वाचा.

नेमके कुठे घासते ते कसे शोधायचे?

यासाठी पाच मिनिटे द्या, पुढचा निम्मा त्रास वाचतो. पाते पुसून कोरडे करा. परमनंट मार्करने पात्याच्या दोन्ही सपाट बाजू रंगवा. मार्कर नसेल तर निरांजनावर धरलेल्या वाटीची काजळी बोटाने लावली तरी चालते. फिटर लोक निळा रंग लावून हेच करतात. आता सावकाश आठ-दहा वेळा उघड-मीट करा, झटका न देता. रंग जिथून गेला तिथे पाते टेकते आहे.

मग त्या खुणेकडे नीट बघा. एकाच बाजूला, फक्त टोकापाशी रंग गेला असेल तर पाते तिरके बसते आहे: खिळा ढिला आहे, मुठीचे दोन भाग एकमेकांना समांतर नाहीत किंवा पातेच वाकले आहे. दोन्ही बाजूंना टोकापाशी रंग गेला असेल तर ढिला खिळा जवळपास नक्की, कारण पाते डुलते आणि कधी इकडे टेकते, कधी तिकडे. खिळ्याच्या लगत गोलाकार कमान उमटली असेल तर तिथे कचरा, गंज किंवा बिघडलेला वायसर (पाते आणि पत्रा यांच्यामधली खिळ्याभोवतीची पातळ चकती) आहे. आणि लांबच लांब पट्टा, म्हणजे पात्याच्या मधल्या भागात, उमटला असेल तर मूठ आत आली आहे. लाकडी मुठीत पावसाळ्यात हे होते, पत्र्याच्या मुठीत चाकू पडल्यावर किंवा त्यावर कोणी बसल्यावर.

दुसरी तपासणी डुलण्याची. पाते पूर्ण उघडा, मूठ टेबलावर घट्ट धरा आणि टोक डावी-उजवीकडे हलकेच ढकला. खिळ्यापाशी टक्‌ असे जाणवले तर आधी खिळ्याचे बघायचे, बाकी सगळे नंतर.

खिळ्यापाशी तर काहीच फरक दिसत नाही. टोकाशी एवढा कसा येतो?

लांबीमुळे. वायसर साधारण १० मिलिमीटर रुंद धरा आणि पाते खिळ्यापासून टोकापर्यंत ८० मिलिमीटर. वायसरच्या एका कडेखाली ०.०५ मिलिमीटरचा कण अडकला, तर टोक त्याच्या आठपट, म्हणजे ०.४ मिलिमीटर सरकते. अनेक चाकूंत पाते आणि पत्रा यांच्यामध्ये जागाच तेवढी असते. म्हणून नुसते साफ केल्यावरही कित्येक चाकू सरळ होतात.

चाकू स्क्रूचा आहे. घरी कसा सरळ करायचा?

धारेवर आधी मास्किंग टेप चिकटवा, दोन थर. हे वगळू नका. हाताला लागते ते काम चालू असताना, चाकू वापरताना नव्हे.

पहिली पायरी फक्त खिळ्याच्या स्क्रूची. पाते डुलत असेल तर तो स्क्रू एक अष्टमांश फेरा घट्ट करा, उघड-मीट करून बघा, पुन्हा एक अष्टमांश. एकदम अर्धा फेरा देऊ नका. निम्मे चाकू इथेच बरे होतात.

डुलत नाही आणि तरी टोक टेकते, तर दुसरी पायरी. मुठीचे बाकीचे स्क्रू, म्हणजे बॉडीचे, अर्धा-अर्धा फेरा सैल करा. काढायचे नाहीत. पाते मिटवा. ज्या बाजूला घासते त्या बाजूला टोकापाशी व्हिजिटिंग कार्डचा तुकडा सरकवा. एका कार्डाने पाते हलले नाही तर दुमडून दुहेरी करा. पाते आता मधोमध किंवा जरासे पलीकडेच दिसले पाहिजे. तसेच धरून आधी खिळा घट्ट करा, मग बॉडीचे स्क्रू थोडे-थोडे, आळीपाळीने: एक पुढचा, एक मागचा, पुन्हा पुढचा. एकच स्क्रू पूर्ण पिळून दुसऱ्याकडे गेलात तर मूठ पुन्हा तिरकी होते. कार्ड काढून बघा. यात चमत्कार काही नाही. स्क्रूच्या भोकात केसभर मोकळीक असते, तिच्यात मुठीचे दोन भाग एकमेकांवर सरकतात आणि खिळ्याचा अक्ष त्यांच्याबरोबर थोडा कलतो.

एवढ्यानेही जमले नाही तर पूर्ण उघडायची वेळ येते. पांढरा कपडा पसरा, कडा असलेला ट्रे घ्या, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. वायसर कोणत्या बाजूचा आणि कोणते अंग वर होते हे विसरायला होते. लॉकच्या पत्र्यात, म्हणजे उघडे पाते अडवून धरणाऱ्या पत्र्यात, एक मोहरीएवढी पोलादी गोळी असते. ती बसवलेलीच राहते, पण स्वस्त चाकूत निसटते, आणि फरशीवर गेली की सापडत नाही. वायसर, पाते, पत्रे सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वायसर काचेवर ठेवून बोटाने दाबा: डुगडुगला तर तो वाकला आहे किंवा त्याला कडेला बर, म्हणजे वर आलेली खरखरीत कड, आली आहे. बर असेल तर काचेवर ६०० किंवा ८०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर दोन-चार हलके गोल फेरे पुरतात. मग दोन वायसरची अदलाबदल करून जोडून बघा. टोक आता दुसऱ्या बाजूला झुकले, तर दोष वायसरचा, आणि नवे घालायला हवेत. झुकाव आहे तिथेच राहिला, तर दोष मुठीचा किंवा पात्याचा.

लॉकच्या बाजूने दाब येऊनही पाते सरकते असे ऐकले. खरे का?

खरे. लायनर लॉक (लॉकचा पत्रा मुठीच्या आत) आणि फ्रेम लॉक (मुठीची बाजूच लॉकचा पत्रा) यांत मिटलेल्या पात्याला ती लहान गोळी सतत दुसऱ्या बाजूला ढकलत असते. बघायचे असेल तर मिटलेल्या चाकूत लॉकचा पत्रा नखाने अगदी किंचित मागे ओढा. पाते लगेच मध्ये आले तर कारण कळले. पण म्हणून तो पत्रा वाकवून त्याचा दाब कमी करू नका. त्या दाबामुळेच चाकू खिशात आपोआप उघडत नाही. वरची कार्डाची युक्ती इथेही चालते.

कोणता स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि मुंबईत कुठे मिळेल?

बहुतेक चाकूंना सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू असतात. खिळ्याला टी-८ आणि बॉडीला टी-६ ही नेहमीची जोडी, काहींना टी-१० लागतो. मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीवाले हेच वापरतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सहज मिळतात. कानस, गोल डोक्याची हातोडी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असे बाकीचे हवे असेल तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट. तिथे रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात. दहा-बारा तोंडांचा एकदम स्वस्त संच घेण्यापेक्षा दोनच चांगली बिटे घ्या. मऊ बिट पिळवटते आणि जाताना स्क्रूचे डोकेही घेऊन जाते.

स्क्रू हलतच नाही. जोर लावू का?

नको. कारखान्यातच आट्यांना चिकट द्रव लावलेला असतो. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा आणि लगेच फिरवा. प्लास्टिकची मूठ असेल तर वेळ कमी करा. बिट सरळ उभे धरून खाली दाबत फिरवा. डोके गोल झालेच असेल तर बिट आणि डोके यांच्यामध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून एकदा प्रयत्न करता येतो. काही खिळे दोन्ही बाजूंनी मोकळे फिरतात, त्यांना दोन ड्रायव्हर लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला.

परत जोडताना निळ्या रंगाचे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांचा तोच चिकट द्रव, टाचणीच्या टोकाएवढे, फक्त आट्यांवर लावा. वायसरवर गेले तर पाते चिकटते. लाल रंगाचे घेऊ नका. ते सोडवायला जेवढे तापवावे लागते तेवढ्याने मूठ जाईल. लावल्यावर एक दिवस चाकूला हात लावायचा नाही.

खिळा घट्ट केला की पाते मध्ये येते, पण मग उघडायला जोर लागतो. सैल केला की घासते. मधली जागाच सापडत नाही.

वायसर झिजला आहे किंवा वाकला आहे. नायलॉनचे वायसर वर्षानुवर्षे दाबले जाऊन एका कडेला पातळ होतात, तांब्या-काशाचे सहसा होत नाहीत. त्याच मापाचे नवे मिळाले तर उत्तम. मिळाले नाहीत तर ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट, आणा, १०० मायक्रॉनची. म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडी झाली. जुना वायसर ठेवून भोवती पेन फिरवा, बारीक कात्रीने कापा, भोक पंचने पाडा. घासणाऱ्या बाजूला, जुन्या वायसरच्या खाली हा एक थर घाला.

एक मर्यादा लक्षात ठेवा: असा थर अख्खे पाते ०.१ मिलिमीटर बाजूला सरकवतो, तिरकेपणा मात्र काढत नाही. टोक चांगलेच कलले असेल तर थरावर थर घालून उपयोग नाही, उलट मूठच खिळ्यापाशी फाकते.

रिव्हेटचा चाकू आहे, स्क्रू नाहीत. आता?

आधी स्वच्छता. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून चाकू त्यात बुडवूनच वीस-पंचवीस वेळा उघड-मीट करा. जे काळे पाणी निघते ते बघून पटेल. मग साध्या पाण्यात, मग पूर्ण कोरडे, मग सांध्यात तेलाचा एक थेंब. लाकडी किंवा शिंगाची मूठ असेल तर बुडवू नका, ब्रशने करा.

तरीही डुलत असेल तर रिव्हेट बसवावा लागतो. चाकू अर्धा उघडा ठेवून खालचे डोके लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि वरच्या डोक्याच्या कडेकडेने गोल हातोडीने हलके ठोके द्या, मधोमध नव्हे. दोन ठोके, तपासणी. पुन्हा दोन. चाकू उलटा करून तसेच. घट्ट करणे सोपे आणि सैल करणे महाकठीण, म्हणून गरजेच्या थोडे अलीकडेच थांबा. चुकून जास्त घट्ट झाले तर सांध्यात ब्रासोचे दोन थेंब सोडून शंभरेक वेळा उघड-मीट करा, सगळे धुऊन काढा आणि तेल द्या.

स्विस चाकू, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स वगैरे, यात मोडत नाहीत. त्यांचे रिव्हेट लाल प्लास्टिकच्या खाली झाकलेले असतात. वरून ठोकलेत तर फक्त प्लास्टिक फुटेल. धुणे आणि तेल एवढेच घरी करा. साहित्यातल्या आणि बनावटीतल्या दोषांवर कंपनीची आजीवन हमी असते, तेव्हा बाकीचे त्यांच्या सेवा केंद्रावर सोडा.

लाकडी मुठीचा ओपिनेल आहे. जुलैपासून उघडतच नाही. खराब झाला का?

झाला नाही, फुगला आहे. ओपिनेल १८९० पासून बनतात, फ्रान्समधल्या आल्प्सच्या सॅव्हॉय भागात, आणि मूठ बहुतेक बीचच्या लाकडाची असते. त्या लाकडाला जुलै-ऑगस्टची आपली ८५ टक्क्यांच्या आसपासची दमट हवा मानवत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे वाढते. मुठीची खाच लांबीच्या दिशेने कापलेली असते, म्हणून फुगवटा थेट पात्यावर येतो, आणि सगळ्यात जास्त खिळ्यापाशी, कारण तिथे जागा सर्वांत कमी.

अडकलेले पाते नखाने ओढत बसू नका. नख मोडते, नाहीतर पाते एकदम सुटून बोटावर येते. तिकडचे लोक काय करतात ते करा: खिळ्यापाशी पाते अडवणारे फिरते धातूचे कडे उघड्या स्थितीत आहे ना ते बघा, आणि मुठीचे मागचे टोक लाकडी पाटावर हलकेच ठोका. पाते थोडे बाहेर डोकावते, मग पाठीला धरून उघडा.

पुढे वाळवणे. बिस्किटांचा हवाबंद डबा, त्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, त्यात उघडा चाकू, चार-पाच दिवस. ओव्हन, गॅस, हेअर ड्रायर नको. वरचा थर आधी आकसतो आणि मूठ खिळ्यापाशी उभी चिरते. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला घरातून मिळेल. त्याने फारसे काही होत नाही, आणि पावसाळ्यातले तांदूळ स्वतःच दमट असतात.

महत्त्वाचे हे की पावसाळ्यात खाच घासून रुंद करू नका. श्रावणात नेमकी बसवलेली मूठ माघात खुळखुळते, आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीतही घासत असेल तरच खाच घासा. हॅकसॉचे जुने ब्लेड घ्या, त्याचे दात टेपने झाका, त्याभोवती २२० चा पॉलिश पेपर एकदा गुंडाळा आणि ज्या बाजूला रंग गेला होता त्याच बाजूला पाच-सहा वेळा ओढा. पुन्हा मार्कर, पुन्हा बघा. शेवटचे दोन फेरे ४०० च्या पेपरने.

मुठीला बाहेरून वार्निश असते, खाचेच्या आत मात्र लाकूड बरेचदा उघडे असते आणि ओल तिथूनच शिरते. मूठ पूर्ण वाळलेली असताना खाचेत जवसाचे तेल ब्रशने लावा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसा, आठवडाभर सुकू द्या. खिळ्यापाशी व्हॅसलीन किंवा मेणाचा बारीक थर दिला तर मे महिन्यात केलेले हे काम पुढचे चार महिने पुरते. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

फणस कापल्यापासून पाते जाम आहे.

चीक. पाण्याने जात नाही. खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटे ठेवा, कापडाने काढा, मग साबण. सांध्यात शिरला असेल तर तेल आत सोडून उघड-मीट करत राहा. पुढच्या वेळी फणसाला घडीचा चाकू लावूच नका, त्याला विळी आहे, कोयती आहे.

मग सांध्यात कायम खोबरेल तेलच घातले तर?

नको. चीक काढायला ते छान, राहायला वाईट. काही महिन्यांत खवट आणि चिकट होते, त्यावर खिशातला धागा-धूळ बसते, आणि २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणजे जानेवारीतल्या पहाटे चाकू जड लागणार. शिवणयंत्राचे तेल सांध्याला उत्तम. फळे-भाज्या कापत असाल तर केमिस्टकडून लिक्विड पॅराफिनची छोटी बाटली घ्या, ते पोटात गेले तरी त्रास नाही. दोन्ही बाबतींत सुईच्या टोकावरून एकच थेंब. डब्ल्यूडी-४० ने पाणी आणि गंज निघतो, पण त्याचा थर पातळ असतो. मारल्यावर पुसून वर खरे तेल द्यावेच लागते.

चौपाटीच्या आसपास राहणाऱ्यांनी, आणि ज्यांचे पाते कार्बन स्टीलचे आहे त्यांनी, पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करावे. खाऱ्या हवेत सांध्याच्या आत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. बाहेरून पाते चकचकीत आणि तरी घट्ट, असे असेल तर संशय गंजावर घ्या.

पातेच वाकले आहे हे कसे कळेल? सरळ होते का?

पाते उघडून पाठ डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा आणि खिळ्यापासून टोकापर्यंत नजर टाका. वाक असेल तर दिसतोच. शंका असेल तर पाते काचेवर सपाट ठेवून उजेड बघा, मात्र निमुळत्या पात्यात ही तपासणी फसवते.

सरळ करणे घरचे काम नाही. पात्याला पाणी दिलेले असते, म्हणजे ते कठीण असते, आणि कठीण पोलाद वाकण्याआधी तुटते. तुटलेला तुकडा डोळ्याकडेही येऊ शकतो. तापवून वाकवावे म्हणाल तर धारेचे पाणी उतरते. पाते गवती पिवळे होईपर्यंत तापले म्हणजे साधारण २२० अंश, निळे झाले म्हणजे ३०० च्या आसपास. त्यानंतर त्या पात्याने टोमॅटोही नीट कापला जात नाही. जे लोक हे करतात ते मागचा, खिळ्यालगतचा मऊ भाग पितळी जबड्यात धरून तिथेच किंचित वाक देतात.

मिटवताना धार आतल्या पाठीला आपटते. हेही घासणेच का?

नाही, हा वेगळा दोष आहे. कडेला खूण नसते, पण धारेवर एकाच ठिकाणी बोथट ठिपका पडतो आणि धार लावली की आठवड्यात परत येतो. स्प्रिंगच्या चाकूत पात्याच्या मुळाशी एक छोटा उंचवटा असतो, तो पाठीच्या स्प्रिंगवर टेकून धारेला अधांतरी धरतो. तो झिजला, किंवा धार लावताना कोणी घासून टाकला, की पाते जास्त खोल जाते. सोपा उपाय म्हणजे आत, धार जिथे टेकते तिथे, पातळ चामड्याची चिंचोळी पट्टी अराल्डाइटने चिकटवणे. आणि चाकू खटकन सोडून मिटवायची सवय असेल तर ती बंद करणे. पाते शेवटपर्यंत बोटाने धरून न्या.

माझ्या चाकूत तीन-चार पाती आहेत आणि ती एकमेकांनाच घासतात.

थोडे घासणारच. एवढ्याशा मुठीत जागा व्हावी म्हणून कारागीर पाती मुद्दाम किंचित वाकवून एकमेकांच्या बाजूने नेतो. तो वाक ‘दुरुस्त’ करू नका. आधी कोणते पाते मिटते आणि मग कोणते, हा क्रम बदलून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

गावाहून आणलेल्या, झाडांना कलम करायच्या चाकूला धारवाल्याकडून धार लावून घेतली, तेव्हापासून मिटताना खरखरतो.

चाकावर धार लावली की धारेच्या दुसऱ्या बाजूला बर उरते. कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने असते, त्यामुळे सगळी बर सपाट अंगाला जाते आणि आत पत्र्याला किंवा लाकडाला ओरबाडते. बारीक दगडावर सपाट बाजू पूर्ण टेकवून, तेलाचा थेंब टाकून, तीन-चार वेळा ओढा. कोन करू नका. मग चामड्यावर दोन हात. इमारतीखाली सायकलवर चाक घेऊन येणाऱ्यांना दोष द्यायचे कारण नाही. विळ्या आणि कात्र्या ते झकास करतात. कलमाचा चाकू मात्र घरीच दगडावर करावा, चाकावर त्याची सपाट बाजू गोल होण्याची भीती असते.

म्हणजे कानस कधीच वापरायची नाही?

वापरायची, सगळ्यात शेवटी, आणि पात्यावर नाही, मुठीवर. पत्रा एखाद्या जागी आत दबला असेल आणि बाहेर ढकलूनही येत नसेल, किंवा कारखान्यातून भोकाची बर राहून गेली असेल, तर बारीक सपाट कानशीने नेमकी तेवढीच जागा घ्या. पाते घासून पातळ केले तर ओरखडे दिसतात, गंजरोधक लेप जातो आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहते.

पात्यावर पडलेले ओरखडे जातील?

उथळ असतील तर ब्रासो आणि मऊ फडके, पात्याच्या लांबीच्या दिशेने. काळा लेप असलेल्या पात्याचे जात नाहीत.

सगळे जमले. वापरण्याआधी काय तपासावे?

लॉक. खिळ्याला हात लावला की लॉकची बैठक बदलू शकते. पाते उघडून लॉकचा पत्रा पात्याच्या मुळाखाली पूर्ण बसतो का ते बघा. नुसत्या कडेवर टेकत असेल तर चाकू वापरू नका. मग बोटे धारेच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर अंगठ्याने मिटवण्याच्या दिशेने दाब द्या. जोराने टेबलावर आपटून लॉक तपासणारे असतात. त्याने चांगला लॉकही बिघडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मार्कर लावून बघा, कारण नवे वायसर पहिल्या काही उघड-मिटींत बसतात आणि खिळा अष्टमांश फेरा पुन्हा मागतो.

स्वतःला जमणार नाही. दुरुस्तीला नेताना काही अडचण?

रिव्हेट बदलायचा असेल तर कुर्ला, साकीनाका भागातले छोटे लेथवाले करून देतात, पण पाते तापवायचे नाही हे आधी सांगा. नेताना मिटलेला, कागदात गुंडाळलेला, पिशवीत खाली ठेवा, खिशात नको. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीकामाची हत्यारे वगळलेली आहेत. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस मनाई आदेश काढू शकतात आणि त्या कलमात चाकूंचा स्पष्ट उल्लेख आहे. सणासुदीला, निवडणुकीला आदेश लागू आहे का ते बघून घ्या. मेट्रोच्या तपासणीत अडवू शकतात. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका.